पहिला पोकेमॉन कोणता घ्यावा : फायररेड-लीफग्रीन नव्याने खेळणाऱ्यांसाठी

खेळ सुरू झाला की प्रोफेसर ओकच्या टेबलावर तीन चेंडू असतात, प्रत्येकात एक पोकेमॉन, आणि त्यातला एकच आपला. बल्बासॉर, चार्मॅंडर नाहीतर स्क्वर्टल. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं हा खेळ बहुधा कुणाकडून तरी आलेल्या जुन्या गेम बॉय ॲडव्हान्सवर सुरू करतात. शेजारी बसलेला एखादा दादा "चार्मॅंडरच घे की रे, शेवटी पंख फुटतात त्याला" म्हणतो आणि निवड तिथंच संपते. पंख फुटतात हे खरं, पण ३६व्या लेव्हलला. त्याआधी दगडवाल्यांची एक जिम (म्हणजे खेळातला आखाडा) आणि पाणीवाल्यांची एक जिम पार करायची असते, आणि दोन्हीकडे चार्मॅंडर मार खातो.

स्टार्टर, म्हणजे हा पहिला पोकेमॉन, निवडताना शेवटच्या रूपाचं चित्र बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी बघा: पहिल्या दोन जिममध्ये कोण उपयोगी पडतो, आणि त्याच्या टाइपचा (आग, पाणी, गवत अशा प्रकाराचा) दुसरा पोकेमॉन पुढे सहज मिळतो का. सहा जणांच्या टीममधला हा एक आहे. बाकीचे पाच कुठून येणार हे माहीत असलं की पहिला निवडणं सोपं जातं.

इथलं सगळं २००४ साली आलेल्या फायररेड आणि लीफग्रीन या जोडीला धरून आहे. १९९६च्या पहिल्या पोकेमॉन खेळांचीच ही नवी आवृत्ती. तिन्ही स्टार्टर तेच, पण चाली आणि त्या शिकायच्या लेव्हल बदलल्या. जुन्या खेळाची माहिती इथं लावली की गोंधळ होतो.

आधी कॅसेट तपासा

सेकंडहँड कॅसेट घेतली असेल तर सुरुवातीलाच एक काम उरका. नवा खेळ सुरू करा, घराबाहेर या, स्टार्ट दाबून सेव्ह करा, मशीन पूर्ण बंद करा, पाच-दहा मिनिटांनी परत चालू करा. 'कंटिन्यू' दिसलं तर ठीक. या दोन खेळांच्या अस्सल कॅसेटमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत राहतो, त्याला सेल लागत नाही. नकली कॅसेटीत पुष्कळदा आत बटन सेल असतो आणि तो संपला की आठवडाभराचा खेळ गेला.

कॅसेट मागून आणली असेल तर मात्र थांबा. या खेळात सेव्हची जागा एकच आहे. नवा खेळ सुरू करून सेव्ह केलं की आधीच्या माणसाचा खेळ पुसला जातो, परत येत नाही. मालकाला विचारल्याशिवाय सेव्ह करू नका.

खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. जुन्या गेम बॉय ॲडव्हान्सला दोन पेन्सिल सेल लागतात, एसपी मॉडेल चार्ज होतं. दिवा लाल झाला की लढाई संपण्याची वाट बघत बसा, पण ती संपल्या संपल्या सेव्ह करा. लढाई चालू असताना सेव्ह होत नाही.

टेबलापर्यंत

बाहेर पडण्याआधी वरच्या खोलीतला कॉम्प्युटर उघडा. त्यात एक पोशन (जीव भरून काढणारं औषध) ठेवलेलं असतं, ते काढून घ्या. नवखे ते हमखास विसरतात. मग गावाच्या उत्तरेला उंच गवताकडे चालत जा. ओक येऊन अडवतो आणि प्रयोगशाळेत घेऊन जातो.

तिथं टेबलासमोर उभं राहून, चेंडूला हात लावण्याआधी, सेव्ह करा. नंतर 'ए' दाबून तिन्ही चेंडू बघता येतात. प्रत्येक वेळी हाच हवा का असं विचारतात, तेव्हा 'नो' म्हणायला काही हरकत नाही. 'येस' म्हटलं की मात्र संपलं. उरलेल्या दोघांपैकी जो तुमच्या पोकेमॉनवर भारी पडतो तो खेळातला तुमचा प्रतिस्पर्धी उचलतो आणि तिसरा टेबलावरच राहतो. तो या खेळात तुम्हाला पुन्हा कुठं सापडत नाही. दुसऱ्या कॅसेटवरून ट्रेड करून आणला तरच.

टाइप म्हणजे काय ते आधी

बल्बासॉर ग्रास आणि पॉयझन, चार्मॅंडर फायर, स्क्वर्टल वॉटर. वॉटर फायरला भारी, फायर ग्रासला, ग्रास वॉटरला. भारी टाइपचा फटका दुप्पट लागतो, हलक्याचा निम्मा. समोरच्याला दोन टाइप असतील तर गुणाकार होतो, म्हणजे चौपट किंवा पावपटही होऊ शकतो. आणि पोकेमॉननं स्वतःच्याच टाइपची चाल वापरली तर फटका आणखी दीडपट.

आनंदवाडीच्या आखाड्यात जोड बघूनच कुस्ती लावतात, इथंही तसंच. फक्त जोड बघण्याचं काम इथं तुमचं आहे. लेव्हल वाढवत नेली की सगळं निभावतं असं समजणारा पोरगा ब्रॉकसमोर अर्धा तास घालवतो.

तिघांचा हिशेब

पहिली जिम प्यूटर सिटीत, ब्रॉकची. त्याच्याकडे १२ लेव्हलचा जिओड्यूड आणि १४ लेव्हलचा ऑनिक्स. दोघेही रॉक आणि ग्राउंड, म्हणजे ग्रास आणि वॉटर दोन्ही त्यांना चौपट लागतं. ऑनिक्सचा डिफेन्स १६० म्हणजे अवाढव्य आहे, पण स्पेशल डिफेन्स फक्त ४५. खरी मेख इथंच आहे. या पिढीच्या खेळांत चाल 'फिजिकल' की 'स्पेशल' हे तिच्या टाइपवरून ठरतं, आणि ग्रास, फायर, वॉटर हे तिन्ही टाइप स्पेशल आहेत. म्हणजे त्यांचा फटका ऑनिक्सच्या भक्कम बाजूला लागतच नाही, कमकुवत बाजूला लागतो.

बल्बासॉरला १०व्या लेव्हलला व्हाइन व्हिप मिळते. ऑनिक्स तिच्या एका फटक्यात, फार तर दोन फटक्यांत पडतो. स्क्वर्टलला ७व्या लेव्हलला बबल आणि १३व्याला वॉटर गन. बबलची ताकद जेमतेम २०, तरी चौपटीमुळे दोन-तीन बबलमध्ये काम होतं.

चार्मॅंडरवाल्यांना सगळे सांगतात की १३व्या लेव्हलला मेटल क्लॉ येते, ती रॉकला दुप्पट लागते, तिथवर चढवा आणि जा. अर्धवट खरं आहे. मेटल क्लॉ स्टील टाइपची, म्हणजे फिजिकल, म्हणजे ती नेमकी त्या १६० डिफेन्सवर जाऊन आपटते. निम्मा होऊन लागणारा एंबर (चार्मॅंडरची फायर चाल) आणि दुप्पट होऊन लागणारी मेटल क्लॉ यांचा ऑनिक्सवरचा हिशेब मांडला तर दोन्ही जवळजवळ सारखे भरतात. जिओड्यूडवर मेटल क्लॉ बरी, कारण त्याचा डिफेन्स १०० आहे. वर ऑनिक्सचा रॉक टूंब चार्मॅंडरला दुप्पट लागतो आणि त्याचा स्पीडही उतरवतो. तेव्हा एकट्या चार्मॅंडरच्या भरवशावर जाऊ नका. बरोबर कोणाला न्यायचं ते पुढे येईल.

दुसरी जिम सेरुलियन सिटीत, मिस्टीची : १८ लेव्हलचा स्टारयू आणि २१ लेव्हलची स्टारमी. या स्टारमीनं भल्याभल्यांना रडवलंय. तोवर बल्बासॉरचा आयव्हिसॉर झालेला असतो (१६व्या लेव्हलला), त्याला ही जिमसुद्धा जड जात नाही. स्क्वर्टलचं रूप वॉरटॉर्टल वॉटरचे फटके निम्म्यावर झेलतो, पण त्याचेही फटके निम्मेच लागतात, त्यामुळे लढाई रेंगाळते. चार्मॅंडरचं पुढचं रूप चार्मेलियन इथंही मागं.

तिसरा सर्ज, इलेक्ट्रिकवाला, रायचू २४ लेव्हलचा. बल्बासॉरच्या घराण्याला इलेक्ट्रिक निम्मं लागतं, स्क्वर्टलच्या घराण्याला दुप्पट. चौथी एरिका ग्रासची. इथं चार्मेलियनचा दिवस असतो आणि वॉरटॉर्टलची पंचाईत.

तिथून पुढे पारडं फिरतं. सब्रिनाच्या सायकिक चाली व्हीनसॉरला (बल्बासॉरचं शेवटचं रूप) दुप्पट लागतात, कारण तो पॉयझनही आहे. ब्लेनची जिम फायरची, तिथंही तो अडतो. ब्लॅस्टॉइजला (स्क्वर्टलचं शेवटचं रूप) ब्लेन आणि शेवटचा जिओव्हानी दोन्ही सोपे. जिओव्हानीच्या ऱ्हायहॉर्नला वॉटर चौपट लागतं. चारिझार्ड (चार्मॅंडरचं शेवटचं रूप) फायर आणि फ्लाइंग असल्यामुळे जिओव्हानीच्या ग्राउंड चाली त्याला लागतच नाहीत, पण रॉकचा फटका चौपट बसतो. आणि हो, दिसायला ड्रॅगन असला तरी चारिझार्डला ड्रॅगन टाइप नाही. या गोष्टीवर पैजा लागतात.

आता दुसरा प्रश्न, पुढे कोण सहज मिळतो.

वॉटर पोकेमॉनांचा या खेळात सुकाळ आहे. चौथ्या रस्त्यावरच्या पोकेमॉन सेंटरमध्ये एक जण ५०० ला मॅजिकार्प विकतो. तो २० लेव्हलपर्यंत कसाबसा ओढला की ग्याराडोस होतो. सिल्फ कंपनीच्या इमारतीत २५ लेव्हलचा लाप्रास फुकट मिळतो. गळ हातात आला की नदी-समुद्र मोकळाच. ग्रासही लवकर मिळतं : सेरुलियनच्या उत्तरेला २४व्या रस्त्यावर फायररेडमध्ये ऑडिश, लीफग्रीनमध्ये बेलस्प्राउट. फायरची मात्र टंचाई आहे. ७व्या आणि ८व्या रस्त्यावर फायररेडमध्ये ग्रोलिथ, लीफग्रीनमध्ये व्हल्पिक्स. त्यानंतर सेलाडॉनमध्ये मिळणाऱ्या ईव्हीला फायर स्टोन दिला तर फ्लेरिऑन. नाव घेण्यासारखे एवढेच.

आमचा सल्ला यावरून असा. पहिल्यांदाच खेळणाऱ्यानं, विशेषतः दहा-बारा वर्षांच्या मुलानं, बल्बासॉर घ्यावा. पहिल्या तीन जिम रेटून निघतात, आणि पुढे तो अडतो तोवर टीम बांधायची अक्कल आलेली असते. चार्मॅंडर दुसऱ्या वेळेला घ्यावा, किंवा सुरुवातीलाच दोन साथीदार पकडून वाढवायची तयारी असेल तर. स्क्वर्टल कुठंच फार अडत नाही, पण वॉटर इतकं मिळतं की स्टार्टरची जागा त्यावर घालवणं आम्हाला पटत नाही. पुष्कळ जुने खेळाडू याच्या अगदी उलट सांगतील. त्यांचं म्हणणं असं की पाण्यावरून जायला सर्फ शिकलेला एक जण लागतोच, तो पहिल्यापासून हाताशी असलेला बरा. तेही खोटं नाही.

नेचर : किती वेळ घालवायचा

प्रत्येक पोकेमॉनला २५ नेचरांपैकी एक मिळतो. त्यातले पाच काहीच करत नाहीत. बाकीचे वीस एक गुण दहा टक्के वाढवतात आणि दुसरा दहा टक्के उतरवतात. चेंडू घेतल्यावर टोपणनाव विचारतात, मग प्रतिस्पर्धी आपला चेंडू उचलतो. त्यानंतर दाराकडे न जाता आधी मेनू उघडून पोकेमॉनचा समरी बघा. खाली ट्रेनर मेमोत नेचरचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत असतं. नव्या खेळांसारखे लाल-निळे रंग इथं नाहीत, आणि ५व्या लेव्हलला आकड्यांत एकाचाच फरक पडतो, त्यामुळे आकडे बघून काही कळत नाही. नावच वाचायचं.

तिन्ही स्टार्टरांची मुख्य चाल स्पेशल असल्यामुळे स्पेशल अटॅक उतरवणारे नेचर टाळायचे. ते चार आहेत : ॲडमंट, जॉली, इम्पिश आणि केअरफुल. यातला ॲडमंट फार फसवतो. नव्या खेळांबद्दलच्या गप्पांत त्याची वाहवा ऐकलेली असते, म्हणून पोरं चार्मॅंडरला तोच शोधत बसतात. इथं तो एंबर दहा टक्के कमजोर करतो. चांगले म्हणाल तर मॉडेस्ट (स्पेशल अटॅक वाढतो, अटॅक उतरतो) आणि टिमिड (स्पीड वाढतो, अटॅक उतरतो).

चारपैकी एखादा आला तर 'ए', 'बी', 'स्टार्ट', 'सिलेक्ट' ही चारही बटणं एकदम दाबा. खेळ पहिल्या पडद्यावर जातो आणि मघाच्या सेव्हवरून परत चेंडू उचलता येतो. म्हणून तर टेबलासमोर सेव्ह करायला सांगितलं. हे चार टाळण्यापुरतंच करा. २५ पैकी २१ वेळा पहिल्याच खेपेला काम होतं. मॉडेस्ट किंवा टिमिडच पाहिजे म्हणून बसलात तर सरासरी बारा-तेरा वेळा हेच करावं लागेल. नर-मादीसाठी तर बसूच नका. आठात एकच स्टार्टर मादी निघते आणि लढाईत त्यानं तसूभरही फरक पडत नाही.

टोपणनाव दहा इंग्रजी अक्षरांपर्यंत ठेवता येतं. 'शिवा' ठेवा, 'कुंदा' ठेवा, नाव नंतर लॅव्हेंडर टाउनला बदलून मिळतं. दुसऱ्याकडून ट्रेड करून आलेल्याचं मात्र बदलत नाही.

पहिल्या लढाईपासून ब्रॉकपर्यंत

दाराकडे निघालात की प्रतिस्पर्धी अडवतो. त्याचा पोकेमॉन तुमच्यावर भारी टाइपचा असला तरी घाबरायचं कारण नाही, कारण ५व्या लेव्हलला कुणाकडेच ग्रास-फायर-वॉटरची चाल नसते. सगळ्यांकडे टॅकल नाहीतर स्क्रॅच. गंमत म्हणजे ही एक लढाई चार्मॅंडरला सर्वांत सोपी : त्याच्या स्क्रॅचची ताकद ४० आणि ती चुकत नाही, टॅकलची ३५ आणि ती कधीमधी हुकते. शिवाय तिघांत चपळ तोच. ग्राऊल, टेल व्हिप असल्या चालींत वेळ घालवू नका, फटके मारत राहा, अर्धा जीव गेला की पोशन. हरलात तरी खेळ पुढे जातो.

मग व्हिरिडियन सिटीच्या दुकानातून पार्सल आणून ओकला द्यायचं. त्यावर पोकेडेक्स आणि पाच पोके बॉल मिळतात. पाचही फेकून संपवायचे नाहीत, त्यांचं काम ठरलेलं आहे.

चार्मॅंडरवाल्यांनी व्हिरिडियनच्या पश्चिमेला २२व्या रस्त्यावर जाऊन मॅंकी पकडावा. फायटिंग टाइप रॉकला दुप्पट लागतो. मॅंकीला दहाव्या लेव्हलच्या आत लो किक मिळते, आणि या चालीची ताकद समोरच्याच्या वजनावर ठरते. ऑनिक्सचं वजन २१० किलो. २०० किलोच्या पुढे लो किकची ताकद थेट १२०. ज्या अंगावर मेटल क्लॉ आपटून थांबते तिथंच मॅंकीची लाथ आरपार जाते. या रस्त्याच्या पश्चिम टोकाला प्रतिस्पर्धी पुन्हा उभा असतो. गवतातलं काम उरकून तिथूनच माघारी फिरलं तरी चालतं.

दुसरा साथीदार व्हिरिडियनच्या रानात. कॅटरपी पकडा. ७ला मेटापॉड, १०ला बटरफ्री, आणि त्याच लेव्हलला कन्फ्युजन ही स्पेशल चाल, म्हणजे पुन्हा ऑनिक्सची कमकुवत बाजू. मेटापॉडकडे स्वतःची मारायची चाल नसते. म्हणून कॅटरपीला पुढे ठेवून लढाई सुरू करायची आणि लगेच बदलून चार्मॅंडरला आणायचं, अनुभव दोघांत वाटला जातो. रानातले किडे एंबरनं पटापट पडतात, तेवढा फायदा चार्मॅंडरला आहे.

बल्बासॉरवाल्यांना रानात वेगळी सोय : पॉयझन असल्यामुळे त्याला वीडलचं विष चढत नाही. स्क्वर्टल आणि चार्मॅंडरला चढतं, आणि चालताना दर काही पावलांनी जीव कमी होत जातो. दोन अँटिडोट घेऊन जा. याच रानात क्वचित पिकाचू दिसतो. स्क्वर्टल किंवा चार्मॅंडर घेतला असेल तर मिस्टीसाठी तो पकडून ठेवा.

ब्रॉककडे जाताना बल्बासॉर किंवा स्क्वर्टल ११-१२ लेव्हलचा पुरे. चार्मॅंडर १४, मॅंकी किंवा बटरफ्री १०-११.

यानंतर सगळ्यांकडून होणारी चूक म्हणजे सगळ्या लढाया एकट्या स्टार्टरनंच मारायच्या. तो ३०ला जातो, बाकीचे १०ला राहतात, आणि त्याच्यावर भारी टाइपची जिम आली की मागं कुणीच उरत नाही. स्क्वर्टलवाल्यांनी सर्जच्या आधी ११व्या रस्त्यालगतच्या डिग्लेटच्या गुहेत जाऊन एक डिग्लेट आणावा, ग्राउंड टाइपला इलेक्ट्रिक लागतच नाही. आणि एवढं लक्षात असू दे की प्रतिस्पर्ध्याचा स्टार्टर शेवटच्या लढाईपर्यंत तुमच्या स्टार्टरवर भारीच राहणार. त्याच्यावरचा उतारा टीममध्ये दुसऱ्या कुणाकडे तरी हवा.

कट ही एचएम चाल, म्हणजे एरवी विसरवता न येणारी चाल, स्टार्टरला शिकवू नका. एचएम विसरायला लावणारा माणूस थेट फ्युशिया सिटीत भेटतो, तोवर चार जागांपैकी एक वाया. कट ऑडिश नाहीतर बेलस्प्राउटला द्या. चारिझार्डला फ्लाय आणि ब्लॅस्टॉइजला सर्फ दिली तर मात्र फायदाच, त्या लढाईतही चालतात.

दोघं मिळून खेळत असाल तर

एकानं फायररेड, दुसऱ्यानं लीफग्रीन घ्यावी आणि स्टार्टर वेगवेगळे घ्यावेत. ऑडिश-बेलस्प्राउट, ग्रोलिथ-व्हल्पिक्स अशा जोड्या ट्रेड करूनच पुऱ्या होतात. त्यासाठी लिंक केबल किंवा त्या वेळी या खेळांबरोबर आलेला वायरलेस ॲडॅप्टर लागतो. सेकंडहँड घेताना तो बहुतेक वेळा गायब असतो, आधीच विचारा. खानापूरचा एक आणि बेळगावचा एक असं असेल तर भेटायच्या आधी कोण काय देणार ते ठरवून ठेवा, कारण ट्रेडला दोन्ही मशीन जवळ लागतात.

ट्रेड करून आलेल्या पोकेमॉनला अनुभव दीडपट मिळतो, म्हणून तो झपाट्यानं चढतो. पण मिस्टीला हरवून मिळणारा बॅज नसेल तर १० लेव्हलच्या वरचा परका पोकेमॉन सांगितलेलं ऐकत नाही. ऐन लढाईत झोपतो किंवा भलतीच चाल मारतो. तो बॅज मिळाला की ३० पर्यंत ऐकतो. त्यामुळे थोरल्या भावाच्या कॅसेटवरून ५० लेव्हलचा चारिझार्ड आणून ब्रॉकला हरवायचा बेत असेल तर तो चालणार नाही. त्याऐवजी भावाला त्याच्या स्टार्टरचं अंडं काढायला सांगा. खेळ संपवून बेटांवर गेलेल्यांना डेकेअरमध्ये डिट्टो नावाच्या पोकेमॉनबरोबर ठेवून ते काढता येतं. आतून ५ लेव्हलचं पिल्लू निघतं, ते तुमच्याकडे आल्यावर पहिल्या दिवसापासून ऐकतं, फक्त मिस्टीचा बॅज मिळेपर्यंत त्याला १० लेव्हलच्या वर नेऊ नका.